मृतांची वाणी आणि यंत्राचा कंठ

मुंबईच्या हार्बर मार्गावरील 'रे रोड' हे स्थानक ज्याच्या नावाने ओळखले जाते, तो डोनाल्ड जेम्स मॅके, अकरावा लॉर्ड रे, १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. त्याच्या नावाची इंग्रजी अक्षरे जो प्रथमच वाचील, तो 'रीए' किंवा 'रीय' असा काहीतरी उच्चार करील. त्याच्या स्कॉटिश घराण्यात मात्र उच्चार 'रे' असाच होता, आणि मराठी पाटीवरही 'रे' असेच लिहिलेले आहे. मराठी माणसाने हे नाव डोळ्यांनी वाचून नव्हे, तर कानांनी ऐकून घेतले असावे. म्हणूनच इंग्रजी लिपीने जे झाकले ते देवनागरीने उघड ठेवले. या गव्हर्नराचे भाषाभ्यासाशीही नाते होते. लंडनमध्ये पौर्वात्य भाषांच्या अध्यापनाची व्यवस्था कशी असावी, याचा विचार करण्यासाठी १९०७ साली जी समिती नेमण्यात आली तिचा तो अध्यक्ष होता, आणि तिच्या अहवालातूनच पुढे १९१६ साली 'स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीज' ही संस्था उभी राहिली. भाषेच्या अभ्यासकाने त्याच्या नावाच्या स्थानकावर क्षणभर थांबावे, इतके हे नाते जवळचे आहे. परंतु नावाचा उच्चार टिकला म्हणजे माणसाची वाणी टिकली असे नव्हे. हेग येथे जन्मलेल्या या स्कॉटिश सरदाराच्या इंग्रजीवर डच भाषेची छाया कितपत होती, हे स्थानकाच्या पाटीवरून कळत नाही.

नाव टिकते, चित्र टिकते, कागद टिकतो. बोलणे तेवढे हवेत विरून जाते. ध्वनिमुद्रणाच्या शोधापूर्वीच्या सर्व मानवी इतिहासाला हा नियम लागू आहे, आणि त्यानंतरच्याही बहुतेक माणसांना. ही उणीव आता संगणकाने भरून काढली आहे, असा समज अलीकडे दृढ होत चालला आहे. भूतकाळातील व्यक्तीची छायाचित्रे, चित्रफिती, लेखन आणि ध्वनिमुद्रणे यंत्राला पुरवावयाची आणि त्यांच्या आधारे ती व्यक्ती हालती-बोलती करून प्रेक्षकांपुढे उभी करावयाची, असा हा उपक्रम. फ्लॉरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथील संग्रहालयात २०१९ साली चित्रकार साल्व्हादोर दाली अशा रीतीने अवतरला. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात २०२३ साली व्हॅन गॉग प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देऊ लागला. दिल्लीस इंडिया गेटजवळ २३ जानेवारी २०२२ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांची प्रकाशप्रतिमा उभी करण्यात आली. ती मूक होती, आणि त्यामुळे भाषाभ्यासकाला तिच्याविषयी विचारण्यासारखे फारसे काही नव्हते. प्रतिमेने तोंड उघडले की त्याचे प्रश्न सुरू होतात.

सामान्य व्यवहारात 'आवाज' आणि 'बोलणे' हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. शास्त्राच्या दृष्टीने त्या दोन भिन्न वस्तू होत. आवाज हा शरीराचा धर्म आहे. स्वरतंतूंची लांबी व जाडी, घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळ्यांचा आकार यांवरून तो ठरतो. दारामागून कोणी नुसते खाकरले तरी घरातील माणूस ओळखू येतो, तो आवाजामुळे. बोलणे हा समाजाचा धर्म आहे. कोणते ध्वनी वेगळे मानावयाचे, कोणत्या शब्दावर भार द्यावयाचा, वाक्याचा सूर कोठे चढवावयाचा व कोठे सोडावयाचा, कोणाला 'तू' म्हणावयाचे व कोणाला 'तुम्ही', हे सर्व माणूस आपल्या माणसांत वाढताना शिकतो. पहिल्याचा शोध शरीरशास्त्राने लागू शकतो; दुसऱ्याचा लागत नाही. लीड्सच्या संग्रहालयात नेस्यामुन नावाच्या, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्शियन पुरोहिताचे जतन केलेले शव आहे. २०२० साली संशोधकांनी त्याच्या स्वरमार्गाचे क्ष-किरणांच्या साहाय्याने सूक्ष्म मोजमाप घेतले, त्याबरहुकूम पोकळी तयार केली आणि तिच्यातून ध्वनी काढला. निघाला तो एकच स्वर, मराठी 'ए' आणि 'ॲ' यांच्या दरम्यानचा. वृत्तपत्रांनी 'ममी बोलली' असे मथळे दिले असले, तरी तो पुरोहित प्राचीन इजिप्शियन भाषेतील एकही शब्द बोलला नव्हता. त्याचा कंठ सापडला होता. वाणी सापडली नव्हती. या क्षेत्रातील प्रयोगांत हा सर्वांत प्रामाणिक मानावा लागेल, कारण पुरावा जेथे संपला तेथेच तो थांबला.

पुरावा संपल्यावरही यंत्र कसे बोलत राहते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. ध्वनिमुद्रण उपलब्ध असले की त्याचे लहान लहान तुकडे करावयाचे आणि ते नव्या क्रमाने जोडावयाचे, ही जुनी पद्धत. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे जे भाषण करावयास निघाले होते व जे त्यांच्या हत्येमुळे राहून गेले, ते २०१८ साली त्यांच्या आवाजात सिद्ध करण्यात आले. त्यासाठी ८३१ ध्वनिमुद्रणे तपासून १,१६,७७७ ध्वनितुकडे वेगळे काढावे लागले. आजची पद्धत निराळी आहे. यंत्राला प्रथम असंख्य माणसांचे हजारो तासांचे बोलणे ऐकवितात. त्यावरून 'माणसे साधारणतः कशी बोलतात' याचे एक गणिती सार यंत्र तयार करते. नंतर विशिष्ट व्यक्तीचे काही मिनिटांचे बोलणे दिले की त्या व्यक्तीच्या आवाजाचा ठसा ते उचलते आणि त्या सारावर उमटविते. ठसा त्या व्यक्तीचा असतो. ठशाखालचे बाकी सर्व इतरांचे. नमुन्यात जो ध्वनी आलेला नाही त्याच्या जागी यंत्र मौन पाळत नाही, 'हे ठाऊक नाही' असेही सांगत नाही. इतरांच्या उच्चारांवरून तो ध्वनी ते रचते आणि इतक्या सफाईने बसविते की ऐकणाराला सांधा जाणवत नाही. पुराणवस्तुसंशोधक फुटक्या मातीच्या भांड्याचा हरवलेला भाग भरताना मुद्दाम निराळ्या रंगाची माती वापरतो. यंत्राची सारी हुशारी तो रंग एक करण्यात खर्च होते.

याचा अर्थ मराठीच्या संदर्भात पाहू. परळच्या बी. आय. टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. पुढे १९३० नंतरच्या दशकात ते दादरच्या 'राजगृहा'त राहावयास गेले. रे रोडहून ही दोन्ही ठिकाणे दूर नाहीत, आणि त्यांच्या सभांना लोटणारा श्रोता पुष्कळ अंशी याच टापूत, गोदीत, गिरणीत आणि नगरपालिकेच्या कामांवर राबणारा होता. बाबासाहेबांचा आवाज म्हणून आज सर्वाधिक ऐकली जाते ती १९५५ सालची बी. बी. सी.ची मुलाखत, ती इंग्रजीत आहे. घटना समितीतील त्यांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे सुप्रसिद्ध भाषणही इंग्रजीतच झाले. अशा इंग्रजी ध्वनिमुद्रणांवरून कोणी त्यांना मराठीत बोलते करू म्हणेल, तर काय घडेल? भारतीय माणसाच्या इंग्रजीत ट आणि ड मूर्धन्य असतात, तेव्हा ते मिळतील. 'थिंक', 'दॅट' यांसारख्या शब्दांतून दंत्य ध्वनी मिळतील. गांधींसारख्या विशेषनामांपुरता एखादा ध किंवा भही सापडेल. परंतु ळ आणि ण यांना इंग्रजी वाक्यात जागाच नाही. 'म्हैस', 'न्हावी', 'व्हावे' यांतील महाप्राणयुक्त म, न, व यांनाही नाही. त्याहून नाजूक गोष्ट च-वर्गाची. मराठीत च, ज, झ यांचे दंत्य आणि तालव्य असे दोन उच्चार आहेत व ते अर्थभेद करतात. 'थोडे' या अर्थाचा 'जरा' आणि 'वार्धक्य' या अर्थाचा 'जरा' यांत फरक आहे तो केवळ उच्चाराचा. लिपीत तो दिसत नाही, म्हणजे लिखित मजकुरावरून यंत्राला तो कळण्याचा मार्ग अरुंद. इंग्रजी नमुन्यात तो नाही, म्हणजे ऐकूनही तो कळावयाचा नाही. तेव्हा या सर्व ठिकाणी बाबासाहेबांच्या आवाजाच्या ठशाखाली अन्य कोणाची तरी जीभ हलत असेल.

ती कोणाची? यंत्राला मराठी म्हणून जे बोलणे मुबलक मिळते ते वृत्तनिवेदकांचे, ध्वनिरूप पुस्तके वाचणारांचे, जाहिरातींचे. म्हणजे आजच्या पुणे-मुंबईच्या सुशिक्षित प्रमाण उच्चाराचे. बाबासाहेबांचा जन्म महूचा, घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडव्याचे, वडील लष्करी शाळेतील शिक्षक व कबीरपंथी, बालपण दापोली-साताऱ्याकडचे, शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातले. अशा वाणीत किती थर एकावर एक बसलेले असतील याची कल्पना 'मूकनायक' (१९२०) आणि 'बहिष्कृत भारत' (१९२७) यांतील लिखित गद्यावरून करता येत नाही. छापील गद्य हे त्या काळी सर्वांनाच एका वळणावर आणीत असे. ज्यांनी त्यांना परळच्या कामगार मैदानावर ऐकले त्यांच्या कानांवर नेमके काय पडले, हा इतिहासाचा प्रश्न आहे. यंत्राने त्याचे उत्तर दिले तर ते उत्तर आजच्या वृत्तनिवेदकाच्या मराठीत असेल. ज्या महापुरुषाने प्रमाण म्हणून मिरविणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तिचा आधार विचारला, त्याच्या मुखी ही वाणी नकळत घालणे ही गोष्ट क्षुल्लक म्हणता येत नाही.

ध्वनिमुद्रणे विपुल असली म्हणजे ही अडचण दूर होते, पण दुसरी उभी राहते. १६ एप्रिल २०२५ रोजी नाशिक येथे शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाच्या शिबिरात, २०१२ साली दिवंगत झालेले बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाजातील यंत्रनिर्मित भाषण ऐकविण्यात आले. मराठीतील या प्रकारचा हा बहुधा सर्वांत गाजलेला प्रसंग होय. त्याच्या राजकीय बाजूंचा ऊहापोह येथे अप्रस्तुत आहे. भाषेच्या दृष्टीने लक्षात घ्यावयाचे ते असे की, बाळासाहेबांची मराठी भाषणे तासांच्या हिशेबाने उपलब्ध असल्यामुळे मराठीचे सर्व ध्वनी, त्यांचे चढउतार, त्यांचे थांबे, हे सारे त्यांच्याच बोलण्यातून घेता येणे शक्य आहे. शब्द मात्र दुसऱ्याने लिहिलेले, आणि तेही त्यांच्या पश्चात घडलेल्या घटनांविषयीचे. केनेडींच्या बाबतीत आवाज तुकड्यांचा असला तरी मजकूर ते स्वतः देणार होते तोच होता. ही दोन उदाहरणे एका पंक्तीत बसत नाहीत. एकात न झालेले उच्चारण पुरे केले आहे. दुसऱ्यात न घडलेले विधान घडविले आहे. सांस्कृतिक वारशाच्या नावाखाली जे प्रयोग होतात त्यांत हा भेद सांगण्याची पद्धत अद्याप रूढ झालेली नाही, आणि प्रेक्षकाला तर दोन्हींचा अनुभव सारखाच येतो.

थोरामोठ्यांकडून आता रे रोडच्या सामान्य माणसाकडे वळू. कुर्ल्याहून निघालेला हार्बर मार्ग १९१० साली येथवर येऊन थांबला; पुढे १९२५ साली तो व्हिक्टोरिया टर्मिनसला जोडला गेला. माझगाव-शिवडीचा समुद्रभराव त्याच सुमारास चालू होता. हे बंदर, कोळसा बंदर, लाकडी बंदर, दारुखाना ही या भागातील नावे जुन्या मालाची आणि जुन्या कामांची खूण सांगतात. दगडी स्थानक अजून उभे आहे. त्याच्या शेजारचा ब्रिटिश काळातील पूल जाऊन २०२५ साली तारांवर तोललेला नवा पूल झाला. समजा, या स्थानकात १९१० सालचा एक गोदीतील मजूर यंत्राच्या साहाय्याने बोलता करावयाचा आहे. पागोटे, बंडी, धोतर, खांद्यावरचा हुक, हे सर्व त्या काळच्या छायाचित्रांवरून साधेल. तो बोलेल कसा?

प्रथम त्याचे गाव ठरविले पाहिजे. मुंबईस माणसे पुरविणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी अग्रेसर होता. त्याच्या पाठोपाठ सातारा, पुणे इत्यादी घाटावरचे जिल्हे. माझगाव-शिवडीच्या किनाऱ्यावर मूळचे कोळी होतेच. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ सालचा, म्हणजे या काल्पनिक मजुराच्या जवळजवळ समकालीन. त्यात कोळी, आगरी, कुणबी, भंडारी, संगमेश्वरी, बाणकोटी, घाटी अशा कितीतरी बोलींचे नमुने आहेत. आगरी-कोळ्यांच्या तोंडी ळ नव्हता, त्याच्या जागी ल. ण च्या जागी न. आणि ड च्या जागी पुष्कळदा र. डोळ्याचा 'डोला', पाण्याचे 'पानी', घोड्याचा 'घोरा'. कोकणातील इतर बोलींत शब्दारंभीचा व इकारापुढे गळे व विसाचे 'ईस' होई. म्हणजे बाबासाहेबांच्या बाबतीत जो ळ नमुन्यात नाही म्हणून चिंता, तोच ळ रे रोडच्या कोळ्याच्या तोंडी यंत्राने घातला तर चूक होईल. एकाच टापूतील दोन माणसांविषयी दोन परस्परविरुद्ध चुका. पण यंत्र दोघांनाही एकच ळ देईल.

या नमुन्यांवरही आंधळा विश्वास टाकता येत नाही. ते बहुतांशी जिल्हाधिकाऱ्यांच्या मार्फत गोळा झाले; लिहून देणारा हात साक्षराचा, म्हणजे मजुराचा नव्हे. मजकूर सर्वत्र एकच, बायबलातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त. त्याच्या जोडीला शब्दांची यादी आणि क्वचित एखादा स्थानिक उतारा. तुलनेसाठी एकच मजकूर असणे सोयीचे खरे. पण त्या दृष्टान्तात बाप आहे, दोन पुत्र आहेत, डुकरे आहेत, पुष्ट वासरू आहे. आगबोट नाही, मुकादम नाही, ठेसन नाही, भाड्याची खोली नाही, आठवड्याची उचल नाही. ज्या शब्दांनी गोदीतल्या माणसाचा दिवस भरलेला होता तेच या नमुन्यांत सापडत नाहीत. पुढे १९६० च्या दशकात डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची जी ग्रंथमाला सिद्ध केली तिच्यात महाडच्या कुणबी बोलीचे सविस्तर वर्णन आहे. मुंबईला आलेल्या माणसाच्या मागे राहिलेल्या गावाची ती वाणी. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, आणि त्यांतील पुष्कळ प्रत्यक्ष बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित आहेत. मुंबईस गेलेल्या नवऱ्याच्या, भावाच्या आठवणी तिच्यात पदोपदी भेटतात. ओवी हे गाणे आहे, संभाषण नव्हे, हे ध्यानात ठेवून तिचा उपयोग करता येईल.

शब्दांची गोष्ट उच्चारांहून अवघड. आज कोणीही लेखक या मजुराच्या तोंडी 'आम्ही कामगार' असे शब्द सहज घालील. एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखनात 'कामगार' हा शब्द सरकारी अंमलदारालाही लावीत. मामलेदार हा कामगार होता, हमाल नव्हे. श्रमिक या अर्थाने तो शब्द रूढ करण्यात मुंबईच्या चळवळींचा वाटा मोठा, आणि १९०९ साली स्थापन झालेल्या 'कामगार हितवर्धक सभे'च्या नावात तो नवा अर्थ स्पष्ट दिसतो. आपला मजूर उभा आहे तो १९१० साली, नेमका या अर्थांतराच्या उंबरठ्यावर. त्याने स्वतःला 'कामगार' म्हणविले की 'हमाल', 'बिगारी' म्हणविले, की नुसते 'गोदीत कामाला आहे' असे सांगितले, यावर त्याला स्वतःविषयी काय वाटत होते हे अवलंबून आहे. यंत्राला हे शब्द पर्यायी वाटतील.

संबोधनाचा प्रश्न तर प्रदर्शनाच्या दारातच उभा राहील. समोर आलेल्या अनोळखी, पायांत बूट घातलेल्या, स्वच्छ कपड्यांतील प्रेक्षकाला हा मजूर काय म्हणेल? आजच्या यंत्रांना मराठीतील अदब शिकविली आहे ती बँकांच्या आणि दूरध्वनी कंपन्यांच्या विनयशील निवेदनांनी. तेव्हा तो 'आपले स्वागत आहे' म्हणण्याचा संभव फार. १९१० साली अशा माणसाला 'साहेब', 'रावसाहेब', 'शेट' म्हणावे लागे, किंवा काहीच न म्हणता बाजूला व्हावे लागे. आणि तो ज्या जातीचा असेल त्याप्रमाणे बोलण्याचे अंतरही ठरलेले असे. हे सर्व गाळले तर इतिहास गोड होतो. ठेवले तर शंभर वर्षांनंतरही त्या माणसाला प्रेक्षकापुढे वाकवल्यासारखे होते. या दोहोंतून निवड करणे भाग आहे आणि ती माणसाने, कारणे सांगून केली पाहिजे. तिसरा मार्गही संभवतो: त्याला प्रेक्षकाशी बोलावयास लावूच नये, त्याच्या बरोबरीच्या माणसाशी बोलू द्यावे आणि प्रेक्षकाने ते बाजूने ऐकावे.

या साऱ्या चिकित्सेला कोणी पंडिती कीस म्हणेल. करमणुकीपुरता प्रयोग असेल तर तसे म्हणावयास हरकतही नाही. नाटकात शिवकालीन मावळा आजच्या मराठीत बोलतो आणि कोणाची फसगत होत नाही, कारण समोर नट आहे हे सर्वांस ठाऊक असते. येथे भीती निराळी आहे. लोकमान्य टिळकांच्या आवाजातील म्हणून एक ध्वनिमुद्रण २०१२ साली प्रसिद्ध झाले. १९१५ च्या गणेशोत्सवात पुण्याच्या गायकवाड वाड्यातील गायनाच्या वेळी टिळक श्रोत्यांना शांत राहावयास सांगत आहेत, असे त्याविषयी सांगण्यात आले. त्याच्या अस्सलपणाचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु असे काही पुढे आले की अभ्यासकाला विचारण्यास प्रश्न असतात: कोणत्या साधनावर घेतले, ते साधन त्या साली होते काय, मधल्या काळात कोणाच्या ताब्यात होते, मूळ तबकडी वा तार कोठे आहे. यंत्रनिर्मित ध्वनीला मूळ तबकडी नसते, आणि तबकडीची खरखर मात्र हवी तितकी चढविता येते. आज प्रदर्शनासाठी केलेला ध्वनी उद्या कोणीतरी उतरवून घेईल, परवा तो सूचनेविना फिरू लागेल, आणि पुढच्या पिढीचा विद्यार्थी १९१० सालच्या मराठीच्या अनुतानावर प्रबंध लिहिताना तो पुरावा म्हणून वापरील. शिवाय नवी यंत्रे शिकतात ती उपलब्ध ध्वनीवरच. जुन्या यंत्राने रचलेली मराठी नव्या यंत्राची गुरू होईल. ज्या भाषेची जुनी ध्वनिमुद्रणे विपुल आहेत तिला हे प्रदूषण पचविता येईल. मराठी बोलभाषेची विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ध्वनिमुद्रणे थोडी; जी आहेत त्यांत गाणी पुष्कळ, नाटकी संवाद काही, आणि साधे बोलणे अत्यल्प. थोड्या दुधात पाणी लवकर कळेनासे होते.

कायद्याचे साहाय्य या बाबतीत तोकडे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या प्रकरणात आवाजाची यंत्राने केलेली नक्कल रोखली. पण ते संरक्षण जिवंत व्यक्तीने मागितलेले. मृत व्यक्तीचे असे अधिकार तिच्याबरोबर संपतात, असे मत दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये व्यक्त केले आहे. संगीतकार ए. आर. रहमान यांनी २०२४ च्या 'लाल सलाम' चित्रपटासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज वापरताना त्यांच्या कुटुंबीयांची अनुमती घेतली व मोबदला दिला, हे सौजन्य, बंधन नव्हे. रे रोडच्या अनाम मजुराच्या वतीने अनुमती देणार तरी कोण?

यंत्राचा मुळीच उपयोग नाही असा याचा अर्थ नव्हे. अमेरिकेतील शोआ फाउंडेशनने पिंचस गटर या नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या गृहस्थांना एक हजाराहून अधिक प्रश्न विचारून त्यांची उत्तरे चित्रित केली. संग्रहालयात प्रेक्षक प्रश्न विचारतो. यंत्र त्या प्रश्नाचा रोख ओळखते आणि त्यांनी दिलेल्या उत्तरांतून योग्य ते निवडून पुढे ठेवते. उत्तर नसेल तर तसे सांगते. येथे यंत्र ग्रंथपालाचे काम करते, लेखकाचे नव्हे. एकही शब्द, एकही ध्वनी दुसऱ्याचा नाही. गिरणगावात आणि गोदीच्या परिसरात हे करण्यास अजून अवकाश आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात जे विशी-तिशीचे होते ते आज साठीच्या व सत्तरीच्या घरात आहेत. त्यांनी आपल्या बापाचे, आज्याचे बोलणे कानांनी ऐकलेले आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचा गिरणगावच्या मौखिक इतिहासाचा ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील साक्षी मोलाच्या आहेत. परंतु अनेकांनी मराठीत सांगितलेले तेथे इंग्रजीत वाचावयास मिळते, आणि इंग्रजीत सर्वांची बोली एकच होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने बोलींचे जे नवे सर्वेक्षण हाती घेतले, त्यात भाषकाचे गाव, वय, शिक्षण, स्थलांतर यांच्या नोंदींसह ध्वनिमुद्रणे आहेत. तीच शिस्त मुंबईतील स्थलांतरितांच्या वस्त्यांना लावता येईल. रे रोड-कॉटन ग्रीनच्या एकाच चाळीत संगमेश्वरचा, पाटणचा आणि जुन्नरचा माणूस पन्नास वर्षे शेजारी राहिला म्हणजे तिघांच्या बोलीचे काय होते, हे पाहावयास मुंबईसारखी जागा नाही.

अशा ध्वनिमुद्रणात एक पथ्य मात्र पाळावे लागते. प्रश्न विचारणारा प्राध्यापक समोर बसला की निवृत्त कामगारही शाळेतल्या मराठीकडे झुकतो, 'व्हतं' चे 'होते' करतो, 'पानी' चे 'पाणी' करतो. त्याच्या गावाकडचा जुना जोडीदार शेजारी बसविला, विषय पहिल्या पगाराचा किंवा बदली कामगार म्हणून पहाटे फाटकावर उभे राहण्याचा काढला आणि प्राध्यापक थोडा मागे सरला, की काही वेळात दोघेही आपापसात बोलू लागतात व बोली परत येते. अभ्यासासाठी तो पुढचा भाग वापरावा. पण सुरुवातीची ती सावरलेली मिनिटेही पुसून टाकू नयेत, कारण परक्यासमोर हा माणूस कसा बोलत असे हेही त्याच्या वाणीतच आले.